पिपा वाजत होता

दगड लागला तेव्हा पिपा वाजत होता. हे वाक्य मी आजवर एक माणूस सोडला तर कोणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांनी मला झेंडा धरायला शिकवलं त्या इंगळे सरांजवळही नाही. सर आता राहिलेही नाहीत. वाचणाऱ्याला या वाक्यातून आत्ता काही कळणार नाही. ते कळावं म्हणून आधी माझं काम काय होतं ते सांगतो.

दिवसा मी अमरावतीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. अजूनही आहे. पण हिवाळा लागून कापूस वेचणीला आला की आमच्याकडे गावोगावच्या मंडळांच्या फुटबॉलच्या लीग सुरू होतात, आणि वीसेक वर्षं माझे शनिवार-रविवार अमरावती, अकोला नि आसपासच्या तालुक्यांतल्या मैदानांवर गेले. मी लाइनमन होतो. लग्नात कोणी तशी ओळख करून दिली की समोरचा माणूस हात जोडून म्हणायचा, "बरे भेटले साहेब, आमच्या डीपीचं काई तरी करा ना, चार रोज झाले लाइट नाई." मीही पुढे पुढे "पाहतो" म्हणून मोकळा व्हायचो.

फुटबॉलचा लाइनमन म्हणजे मैदानाच्या लांब बाजूनं झेंडा घेऊन पळणारा माणूस. बॉल बाहेर गेला की झेंडा, ऑफसाइड झाला की झेंडा. ऑफसाइड म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. समोरच्या टीमचा गोलकीपर सोडला तर जो शेवटचा गडी असेल, त्याच्याही पुढे जाऊन आयत्या बॉलची वाट पाहत उभं राहायचं नाही. पण हे पाहायचं कधी, तर पास सुटतो त्या क्षणी. पास सुटतो मैदानाच्या मध्यात आणि आयत्या बॉलची वाट पाहणारा उभा असतो पार गोलाजवळ. नजर एकाच जागी राहू शकते. म्हणून लाइनमन पास डोळ्यांनी पाहत नाही, कानांनी ऐकतो. बुटाचा बॉलवर ठप्प आवाज आला की त्या क्षणी डोळे ओळीवर हवेत. थोडक्यात, आमचा अर्धा धंदा कानाचा.

उरलेला अर्धा पाठीचा. आमच्या मैदानांना गॅलऱ्या नाहीत. चार बांबू, एक सुतळी, आणि सुतळीच्या अलीकडे येऊन चुन्याच्या रेघेवर चपला ठेवून उभे राहिलेले लोक. लाइनमनचं तोंड मैदानाकडे आणि पाठ या लोकांकडे. एक हात लांब केला तर ते तुमची कॉलर धरू शकतात. इंगळे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाठ त्यायची, डोये आपले. एकडाव वळून पाह्यलं का तू संपला. मंग ते तुह्या तोंडाकडे पाहूनच वरडतात." मी कधी वळलो नाही. बारा गावच्या लोकांना मी आवाजावरून ओळखायचो, चेहऱ्यावरून एकालाही नाही.

पाठीमागे गर्दी घेऊन काम करणाऱ्याला संशयाची सवय होते. गर्दीला तर ती असतेच. तिसऱ्या गावचा रेफरी आणि दोन्ही गावचा एकेक लाइनमन असा आमचा रिवाज, कारण कोणाचाच कोणावर भरवसा नाही. मॅचच्या आधी दोन्ही तंबूंतून चहा यायचा. एका तंबूतला घेतला तर दुसऱ्या तंबूत बातमी जायची. दोन्हीकडचा घेतला तर लोक म्हणायचे, दोन्हीकडून घेतं बेनं. म्हणून मी घरून थर्मास न्यायचो. मग एकदा अंजनगाव सुर्जीला मागून एक म्हातारा म्हणाला, "थर्मास कोनं देल्ला भाऊ?"

शेंदूरजनाघाटला मॅच असली की संत्र्यांचे दिवस असायचे. झेंडा पटला नाही की पाठीवर सालं येऊन पडायची. ती सवयीची होती. एकदा मात्र आख्खं संत्रं आलं, अलगद, पायाशी घरंगळत. मागून आवाज आला, "खा जी, गोड आहे." मला तहान लागली होती, तरी ते संत्रं मी तिथंच राहू दिलं. खाल्लं असतं तर पुढचा प्रत्येक झेंडा त्या संत्र्याच्या नावावर लागला असता. मॅच संपल्यावर तेच संत्रं सोलून खात एक जण माझ्या बाजूनं गेला आणि कोणाला तरी म्हणाला, "इमानदार दिसून राहिला, नाई तर मग जास्त मांगत असंन."

धारणीला याच्या उलट. जीपगाड्या रेघेला लावून टपांवर बसलेले लोक, आणि चकार शब्द नाही. गोल झाला तर एखादा हॉर्न. शिव्या ऐकत वाढलेला माझ्यासारखा माणूस त्या शांततेला घाबरायचा. हे लोक माझ्याबद्दल काय विचार करत असतील, हे न कळणं मला सहन व्हायचं नाही. त्यापेक्षा अकोला बरं वाटायचं. अकोल्यात सगळं तोंडावर. म्हणजे पाठीवर.

अकोल्यात माझ्या पाठीमागे दिगूभाऊ होते.

दोन टीमची नावं मी लिहीत नाही. अकोल्याच्या टीमचे टी-शर्ट पिवळे होते, म्हणून ते पिवळे. अमरावतीचे निळे. दिगूभाऊ पिवळ्यांचे. मैदानाच्या फाटकाशी त्यांचं पंक्चरचं दुकान. मॅच सुरू झाली की दुकान उघडं टाकून, तेलाचा रिकामा पिपा दोरीनं गळ्यात अडकवून ते बरोबर माझ्या मागे येऊन उभे राहायचे. दोन्ही हातांत दोन काड्या. मी पळालो की सुतळीच्या पलीकडून तेही पळायचे, मी थांबलो की थांबायचे. डोक्यात दुखेल इतका तो पिपा वाजायचा. आणि मधे मधे त्यांचा घोगरा आवाज. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. अकोल्याच्या माणसाला अमरावतीच्या लाइनमनचं नाव कशाला हवं? ते मला गावाच्याच नावानं हाक मारायचे.

"ओ अमरावती! झेंडा वर करा ना बाप्पा, का तिकडून फोन येऊ द्यायचा आहे?"

"अमरावती, बूट नवे दिसून राहिले. कोनं देल्ले?"

"एखाद्या दिवशी डोकं फोडतो मी या अमरावतीचं, मग पाहा कसा सरळ झेंडा लागते ते!"

लोक हसायचे. मीही आतल्या आत हसायचो. वळायचं नाही हे पक्कं, तरी एकदा झेंडा बरोबर लागला नि पिवळ्यांना फ्री किक मिळाली, तेव्हा मागून हळूच आलं, "हे बरोबर होतं हं." मला ते दिवसभर पुरलं. चहाच्या तंबूत न मिळणारी गोष्ट होती ती. अशी बरीच वर्षं गेली. त्यांच्या चपलांचा आवाज मला माहीत होता, तोंडातल्या खर्ऱ्याचा, तंबाखू-सुपारीचा वास माहीत होता, खोकला माहीत होता. चेहरा माहीत नव्हता.

लॉकडाऊनच्या आधल्या हिवाळ्यातली ती मॅच. पिवळे आणि निळे, सेमी फायनल, अकोल्याच्या मैदानावर. जो हरेल तो घरी. पिवळ्यांच्या पोट्ट्यांनी त्या वर्षी कमाल केली होती, आणि फायनलला गेले तर वरच्या लीगमध्ये जागा मिळणार होती. निळ्यांचे लोक टेम्पो करून आले होते. ते गोलामागे उभे होते, जिथं कंपाउंडच्या भिंतीसाठी गिट्टीचा ढीग टाकलेला होता. ढीग पाहून मला चैन नव्हतं. कमिटीच्या सचिवांना मी म्हणालोही, "ती गिट्टी झाकून घ्या." ते म्हणाले, "सर, तुमाले सगळीकडे दगडच दिसतात."

दुसऱ्या हाफमध्ये पिवळे एका गोलनं पुढे होते आणि हल्ला माझ्याकडच्या, गिट्टीपुढच्या गोलवर. मॅच संपत आली असताना मधून पास निघाला. ठप्प आवाज आला, मी ओळ पाहिली, आणि पिवळ्यांच्या फॉरवर्डनं बॉल जाळ्यात टाकला. माझा झेंडा वर होता. रेफरीनं गोल रद्द केला.

मैदान पेटलं. शिव्या, चपला, पाण्याच्या पिशव्या. कोणी मोबाइल काढून माझ्या कानाशी धरला, "हे पाहा, हे पाहा शूटिंग!" मी पाहिलं नाही. या सगळ्या गोंधळात एकच आवाज नव्हता. पिपा थांबला होता. मग अगदी कानाशी दिगूभाऊ बोलले, ओरडले नाहीत.

"अमरावती, चुकलं असतं तर मी वरडलो असतो. हे तुमी मुद्दाम केलं."

तेव्हापासून आजपर्यंत मी स्वतःला विचारत आलो आहे. पास सुटला तेव्हा फॉरवर्ड ओळीत होता की पुढे? मला वाटतं ओळीत होता. मग हात वर का गेला? सकाळी निळ्यांच्या टेम्पोतूनच मी अकोल्याला आलो होतो. एसटी चुकली होती, वाटेत त्यांनी बोलावलं, मी चढलो. चहा घेतला नाही, पण टेम्पोत बसलो. त्या माणसांत बसून येताना हसलो, बोललो. त्यातलं काही हातात उतरलं होतं का? मला खरंच माहीत नाही. वीस वर्षं लोक मला विकलेला म्हणाले, मी हसलो. कारण मी विकलेला नाही हे मला माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते माहीत नव्हतं, आणि ते ओळखलं या माणसानं, तेही माझं तोंड न पाहता.

पिपा पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा जोरात, राग काढल्यासारखा. निळ्यांचा गोलकीपर धारणीकडचा उंच गडी होता. पिवळे पुन्हा चढून आले होते, त्यांचा कॉर्नर होणार होता म्हणून तो गोलच्या रेषेवर सरसावून उभा होता. माझे डोळे त्याच्यावरच होते. माझ्या उजव्या खांद्यामागे पिपा वाजत होता, दोन्ही काड्यांनी, धडधड धडधड. आणि कीपर खाली बसला. कानामागे हात, बोटांतून रक्त. जाळ्याच्या मागून, गिट्टीकडून काही तरी आलं होतं. पिपा अजून दोन-चार ठोके वाजला. मग वाजवणाऱ्याच्याही लक्षात आलं आणि तो थांबला.

हरणाऱ्या टीमचे लोक मॅच मोडायला दगड टाकतात हे आमच्या मैदानांवर नवं नव्हतं. आपल्याच गड्याला तो लागावा हे कोणाच्या मनात नसेल, पण लागला. कोणी मारला ते मला आजही माहीत नाही. कोणी मारला नाही, ते मला त्याच क्षणी माहीत होतं.

मॅच थांबली. कीपरला टाके घालायला नेलं, तो पुढे बरा झाला. कमिटीच्या तंबूत सगळे जमले. सचिव, दोन्ही टीमचे लोक, यवतमाळचा रेफरी, बंदोबस्ताचा हवालदार. दिगूभाऊंना दोघांनी धरून आणलं होतं, पिपा गळ्यातच. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सवयच नव्हती. तंबूच्या बांबूकडे पाहत उभा राहिलो.

निळ्यांचा मॅनेजर म्हणाला, "हाच आहे तो. साऱ्या गावानं ऐकलं, डोकं फोडतो म्हनत होता अमरावतीचं."

पिवळ्यांचा कॅप्टन पुढे आला. "अबे, तो पिपा वाजवून राहिला होता. दोन हातानं वाजवतो तो. दगडासाठी तिसरा हात आनला काय?"

"पिपा वाजून राहिला होता हे कोनं ऐकलं?" हवालदारानं विचारलं.

पिपा सगळ्यांच्या कानात इतका बसलेला होता, की तो कधी वाजतो नि कधी थांबतो हे कोणी ऐकतच नव्हतं. गोल रद्द झाल्यावर तो थांबला होता, हे मात्र पाच-सहा जणांना आठवलं.

तेव्हा दिगूभाऊ बोलले. "या अमरावतीले इचारा. त्याच्या कानाजवळच तर होतो मी."

मॅनेजर हसला. "घ्या! आमच्याच माणसाले साक्षीले बलावून राहिला हा."

"दिगूभाऊ, येडे झाले काय?" कॅप्टन म्हणाला. "तो आपल्या गावाचं ओढंल."

"झेंड्यात ओढंल," दिगूभाऊ म्हणाले. "तोंडानं खोटं नाई बोलनार. इतके वर्स मी त्याच्या मागं चालून राहिलो. चहा नाई पेत तो कोनाचा."

सचिव माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात आदर होता, ते मला अजून आठवतं. "सर, तुम्ही सांगाल ते धरू. दगड लागला तेव्हा पिपा वाजत होता का?"

मी म्हणालो, "नाही. बंद होता."

बस. एवढंच. न प्यायलेले सगळे चहा, न खाल्लेलं संत्रं, वीस वर्षं सांभाळलेलं नाव, हे सगळं मी त्या तीन शब्दांमागे उभं केलं, आणि म्हणूनच ते लगेच खरे मानले गेले. तंबूत कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. का बोललो याची कारणं मी पुष्कळ लावून पाहिली आहेत. त्याच टेम्पोतून परत जायचं होतं, हे एक. पण खरं कारण तेवढंच नाही. "हे तुमी मुद्दाम केलं" हे वाक्य माझ्या कानात होतं, आणि ते म्हणणारा माणूस लोकांनी खोटा मानावा, असं मला त्या क्षणी वाटलं. दगड मारणाऱ्याच्या बोलण्यावर मग कोण विश्वास ठेवणार?

कॅप्टननं दिगूभाऊंकडे पाहिलं असावं, कारण तो म्हणाला, "काहून केलं हे, दिगूभाऊ?" त्याचा आवाज फुटला होता. यजमान गावच्या माणसानं पाहुण्या खेळाडूला जखमी केलं तर यजमान टीम बाद, असा लीगचा नियम. पिवळे बाद झाले. हवालदारानं दिगूभाऊंना चौकीत नेलं, संध्याकाळी सोडलं. मैदानावर त्यांना कायमची बंदी झाली. मी टेम्पोत बसलो तेव्हा फाटकाशी पिवळ्यांचे दोन पोट्टे तो पिपा पायानं चेपत होते. पत्र्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आमच्या टेम्पोत गाणी चालू होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. अकोल्याचा एक जुना पंच मित्र आहे, तो सांगायचा, मी विचारत नसताना. वरच्या लीगमध्ये जागा गेली म्हणून त्या टीमचे चांगले पोट्टे दुसरीकडे पांगले. दिगूभाऊंच्या दुकानात पिवळ्यांपैकी कोणी हवासुद्धा भरायला जाईना. लोक त्यांना दगडू म्हणायला लागले. मग लॉकडाऊन आला, दुकान तिथून उठलं ते उठलंच. मित्र म्हणाला, "तुले आठवते ना तो? तुह्या मागं लागायचा तो. बरं झालं, सुटला तू." मी हो म्हणालो.

लॉकडाऊननंतर मी दोन मोसम झेंडा धरला. अकोल्यात माझ्या मागे आता कोणी पिपा वाजवत नव्हतं. लोक शिव्या द्यायचे, पण त्यात काही ओळखीचं नव्हतं. पासचा ठप्प आवाज यायचा तेव्हा मी तो ऐकत नसायचो, दुसरंच काही ऐकत असायचो. झेंडे उशिरा लागायला लागले. गुडघे दुखतात असं सांगून मी काम सोडलं. गुडघे ठीक आहेत.

गेल्या हिवाळ्यात लीग कमिटीनं जुन्या पंचांचा सत्कार ठेवला. त्याच मैदानावर. शाल-नारळ झालं, सचिवांनी माझ्या हातात माइक दिला. समोर पिवळ्यांचे लोक बसले होते, तेव्हाचा कॅप्टनही होता, आता त्याचे केस विरळ झालेत. त्या मैदानावर त्या लोकांकडे तोंड करून उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ. मी म्हणालो, "अकोलेकरांनी मला खूप प्रेम दिलं." टाळ्या पडल्या. मी खाली बसलो.

त्यानंतर महिनाभरानं मी पातूर रोडवर गेलो. दिगूभाऊंनी तिथं नवं दुकान टाकल्याचं मित्राकडून कळलं होतं. गाडी घेऊन दुकानावरून एकदा पुढे गेलो, परत आलो, पुन्हा पुढे गेलो. शेवटी थांबलो. टायरांच्या ढिगाशेजारी एक माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. किडकिडीत, दोरी बांधलेला चष्मा. हेच का ते? कसं ओळखणार? आवाजाच्या मानानं माणूस फारच लहान होता.

"हवा पाहता का?" मी म्हणालो.

त्यांनी टायर दाबून पाहिला. "हवा तर बरोबर आहे." आवाज तोच. थोडा बसलेला.

"बरं," म्हणून मी गाडीकडे वळलो. खरं सांगतो, मी निघालोच होतो.

"अमरावती?"

मी थांबलो. वळलो नाही.

"पाठीवरून वळखलं म्या. वळा ना बाप्पा आता. मॅच नाई चालू."

मी वळलो. ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले, नवीन माणूस पाहावा तसे. मग स्टूल पुढे सरकवलं आणि बाजूच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. चहा आला, आणि माझा हात जुन्या सवयीनं पुढे गेला नाही.

"प्या," ते म्हणाले. "आता माही कोनतीच टीम नाई."

मी कप उचलला. मी म्हणालो, "दिगूभाऊ, पिपा वाजत होता."

त्यांनी ट्यूब पुन्हा पाण्यात घातली. "मले सांगून राहिले? वाजवत तर मीच होतो."

मी काही तरी माफीचं बोलायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"मले सांगून काय फायदा? मले तवाच माहीत होतं. माह्या पोट्ट्यायले माहीत नाई. पिवळ्यायले. त्यायले वाटते दिगूनं टीम डुबवली. त्यायले सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

"पाहू." त्यांच्या आवाजात जुनी धार आली. "मागच्या महिन्यात तुमच्या हातात माइक होता म्हनतात. शाल बी होती."

मी कप खाली ठेवला. मग त्यांनीच विचारलं, "एक इचारू? तो झेंडा. मुद्दाम होता का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"हं." त्यांनी चष्म्याची दोरी नीट केली. "हे बरोबर बोल्ले."

निघताना मी विचारलं, मी मैदानावर बोललो तर ऐकायला याल का? ते म्हणाले, "आधी बोला. मंग पाहू. तुमचा काई भरवसा नाई, अमरावती." चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

हे सगळं इथं लिहिलं म्हणून माझी सुटका झाली, असं मी मानत नाही. पिवळ्यांचे लोक दिवाळी अंक वाचत नाहीत, आणि हा अंक त्यांच्या हातात पडेपर्यंत मी घरी सुरक्षित बसून राहीन, हेही मला कळतं. या हिवाळ्यात लीग पुन्हा त्याच मैदानावर आहे. सचिवांनी पाहुणा म्हणून बोलावलं आहे. येतो असं मी कळवलं आहे, पण मागच्या वेळीही मी गेलोच होतो.

देणं आहे ते एवढंच: त्या चुन्याच्या रेघेवर उभं राहायचं, मैदानाकडे पाठ आणि पिवळ्यांच्या लोकांकडे तोंड करायचं, आणि दगड लागला तेव्हा दिगूभाऊंचा पिपा वाजत होता, मी खोटं बोललो, असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचं. ते मी अजून दिलेलं नाही.